चंद्राक्काचा बुधवार

आमच्या घरांत बाईमाणूस उंबऱ्याबाहेर पडताना सांगून निघते. "देवळात जाऊन येते," "भाजी घेऊन येते." नुसतं "जाते" म्हणायचं नाही, आणि न सांगता तर पाऊलही टाकायचं नाही. तंजावूरच्या मराठी घरांत हे अजून चालतं. चंद्रमतीने लग्न झाल्यापासून नवरा जाईपर्यंत हे पाळलं. मग एका बुधवारी दाराला कुलूप लावलं, आणि कुणालाही काही न सांगता ती जुन्या बसस्टँडकडे चालू लागली.

मी तिला चंद्राक्का म्हणत असे. वयाने ती माझ्याहून थोडी मोठी. पश्चिम राजवीथीच्या मागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. मी कॉन्व्हेंटात शिकले आणि देवनागरी तिथल्या हिंदीच्या तासाला शिकले. तिला देवनागरी येत नसे, ती तमिळ वाची. आम्ही दोघी आपसात बोलायचो ती आमची तंजावुरी मराठी. इथे ती मी सगळ्यांना कळेल अशी करून लिहिते आहे.

तिचे सासरे रघोजी जुने जमीनदार. घरात पत्र आलं की ते फोडून ओसरीवर मोठ्याने वाचत आणि मग ज्याचं त्याच्या हाती देत. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. घरात आलेलं ते घराचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. चंद्राक्काच्या आईला हे कळलं तेव्हा ती पत्रात पाऊसपाणी आणि लोणच्यांपलीकडे काही लिहीनाशी झाली.

"माझ्या आईला काय आजार होता ते मला ती गेल्यावर कळलं," चंद्राक्का एकदा मला म्हणाली. "बाईचं दुखणं. पत्रात कसं लिहिणार? मामंजी ओसरीवर वाचणार."

तिचे यजमान सेतुराम कलेक्टर ऑफिसात होते. शांत माणूस. संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचे, "आज कुठे कुठे?" आणि ती सांगायची. सांगण्यासारखं काही नसलं तरी सांगायची. ते वारले. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरचा तो बुधवार. ती संध्याकाळी परत आली तेव्हा मी दारातच उभी होते.

"कुठे होतीस, अक्का? मी घाबरले."

"तिरुवैयारुला."

"कशाला?"

ती हसली. "भुवना, तू पण?"

मी पुन्हा विचारलं नाही. पुढे दर बुधवारी ती बायकांना तिकीट न पडणाऱ्या टाउन बसमध्ये बसून कावेरीकाठच्या त्या गावी जायची आणि दिवेलागणीला परत यायची. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. कधी पदराला ओल असायची, कधी नसायची.

तिचा एकुलता एक मुलगा श्रीहर्ष तेव्हा एस्टोनियात तार्तू नावाच्या गावी नोकरीला होता. एका लहानशा कंपनीत. ती कंपनी फोन बनवत नव्हती, फोन ज्याच्यावर चालतो ती ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होती. एका सुट्टीत तो आईसाठी तसा फोन घेऊन आला आणि ओसरीवर बसून आम्हा दोघींना समजावू लागला.

"आई, जगातले जवळजवळ सगळे फोन दोन अमेरिकन कंपन्यांच्या सिस्टीमवर चालतात. तू कुठे गेलीस, कुणाशी बोललीस, काय शोधलंस, त्यातलं बरंचसं तिकडे जमा होतं. युरोपातल्या काही लोकांना वाटतं, आपल्या फोनवर आपलं राज्य असावं. आम्ही तसा फोन करतोय."

"किती जण आहात?"

"ऑफिसात? चाळीसेक."

"चाळीस जणांचं राज्य!" चंद्राक्काने माझ्याकडे पाहिलं. "अरे, तंजावूरच्या माणसाला कंपनीच्या गोष्टी सांगतोस? आमचं अख्खं संस्थान कंपनीने गिळलं. तुमचे चाळीस जण तर तिला चटणीला पण पुरणार नाहीत."

"म्हणून तर, आई. परत नको."

"आणि तुझी कंपनी? ती नाही बघणार?"

"नाही. सगळं ह्या फोनातच राहतं."

"तू?"

"मीही नाही. तू परवानगी दिल्याशिवाय कुणीच नाही. आणि दिलीस, तरी कुणी बघितलं की फोन तुला सांगणार. ते बंद करता येत नाही. कंपनीलासुद्धा नाही. त्यासाठी मी ऑफिसात वर्षभर भांडलोय."

"माझा मुलगा भांडला?" तिला ते खरं वाटेना. फोन तिने दोन्ही हातांत घेतला.

त्याच सुट्टीत तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी असेपर्यंत तिला काही वाचता येणार नव्हतं, आणि आमची बोली बोलणारा फोन जगात कुठेच नव्हता. मग श्रीहर्षने माडीवर बसून, पंखा बंद करून, फोनच्या सगळ्या सूचना स्वतःच्या आवाजात भरल्या. "आई, चार्ज संपत आलाय." "आई, भुवनामावशीचा फोन." मधेच त्याला हसू यायचं, ते हसूही तसंच राहिलं. डोळे बरे झाल्यावर आवाज कसा बंद करायचा, ते तो तिला शिकवून गेला.

तिने बंद केला नाही. घरात दुसरा कुणाचा आवाज नव्हता. तो सुट्टीवर आला की मात्र ती फोन मुका करून ठेवी. "कळलं तर तिकडे बर्फात रडत बसेल," म्हणे.

त्या फोनवर बँकेचं ॲप चालत नसे. ती पासबुक घेऊन रांगेत उभी राही. कोपऱ्यावरची भाजीवाली तिला चिडवायची, "अम्मा, फॉरिनचा फोन, आणि दहा रुपये पाठवता येत नाहीत?"

"येत नाहीत. पण तू मला किडकी वांगी विकलीस हे तो कुणाला सांगत पण नाही."

अशी वर्षं गेली. तंजावूरहून तिरुवैयारुला जाताना वाटेत एकामागून एक नद्यांचे पूल लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. चंद्राक्का पाट्या वाचत नसे, पूल आले की तिला कळे. मागच्या दिवाळीच्या आधी एका बुधवारी ती वेण्णारुच्या पुलावरच उतरली. संध्याकाळी एक शेतकरी तिला मोपेडवर मागे बसवून गल्लीत घेऊन आला.

"पुलावर उभ्या होत्या," तो मला म्हणाला. "ही कावेरी नव्हे असं सांगितलं तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, तू कुठला, तुला काय ठाऊक? अम्मा, माझं शेत आहे त्या नदीवर."

चंद्राक्का हसली, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी तिने कॉफीत दोनदा साखर घातली, आणि दोन्ही वेळा "घालायची राहिली" म्हणाली. डॉक्टरांनी विसरण्याची सुरुवात आहे असं सांगितलं. मी श्रीहर्षला कळवलं. तो पोंगलला, संक्रांतीच्या सुमारास आला.

त्याने तिला माझ्यासमोरच विचारलं. लपवाछपवी केली नाही.

"आई, फोनवर तुझं लोकेशन मला दिसू दे. फक्त मला. दुसऱ्या कुणाला नाही."

"मामंजी पण दुसरे कुणी नव्हते रे."

"मी काही विचारणार नाही. कशाला गेलीस, कुणाकडे, काही नाही. फक्त ठिपका बघणार."

"तू विचारलंस ते चांगलं केलंस. मला कधी कुणी विचारलं नव्हतं. माझं उत्तर नाही असं आहे."

"आणि परत चुकलीस तर?"

"कुणीतरी आणून सोडेल."

"दर वेळी कुणी असेल कशावरून?"

"नसलं तर नसलं. म्हाताऱ्या बायका केव्हातरी जातातच."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा."

"अक्का," मी म्हटलं, "पोरगं एवढ्या लांब असतं. ठिपका बघितला तर तुझं काय जातं?"

"तू काय, पहिल्यापासून सरकारी पक्षाची," ती म्हणाली आणि डोशाचं पीठ बघायला आत गेली. 

परत जाण्याच्या सकाळी आई न्हाणीघरात असताना त्याने तिचा फोन उचलला आणि तिच्याऐवजी स्वतःच परवानगीचं बटण दाबलं. हे त्याने मला नंतर सांगितलं. कुणी बघतंय याची खूण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात येते, ती त्याला काढता येत नव्हती. ती काढता येऊ नये म्हणूनच तो भांडला होता. पण खूण तांदळाच्या दाण्याएवढी आणि आईची नजर अधू, तेव्हा तिला दिसणार नाही असं त्याने धरलं. फोन त्याच्यासमोर मुकाच असायचा. माडीवर बसून भरलेले ते आवाज अजून जागे असतील हे त्याच्या मनातही आलं नाही.

तो गेल्यावर चंद्राक्काने फोनचा आवाज परत चालू केला. एक-दोन दिवसांनी मी तिच्याकडे अकराच्या कॉफीला गेले होते. ती डवरा नावाच्या पसरट वाटीतली कॉफी उंचावरून पेल्यात ओतत होती, आणि खिडकीतल्या फोनमधून श्रीहर्ष हसत बोलला, "आई, कुणीतरी तुझं लोकेशन बघतंय."

"काय म्हणाला?"

तिने डवरा खाली ठेवला. तिने चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला, खुणेवर बोट ठेवलं. कोण बघतंय त्याचं नाव तमिळमध्ये आलं. तिने ते वाचलं.

"कुणीतरी म्हणे! आवाज ह्याचा, नाव ह्याचं, आणि कुणीतरी!"

ती हसत सुटली. मलाही हसू आलं. मग तिने डवरा परत उचलला, आणि कॉफी पेल्याऐवजी तिच्या निऱ्यांवर ओतली गेली.

"बंद करून टाक," मी म्हटलं. "तुला येतं."

"मी का बंद करू? मी चालू नाही केलं."

"मग त्याला फोन करून विचार."

"त्याने विचारलं होतं, भुवना. तू होतीस ना? मी उत्तर दिलं होतं. आता मी काय विचारू?" निऱ्या झटकत ती म्हणाली, "तू त्याला काही बोलू नकोस. हे आमचं मायलेकांचं आहे."

मी बोलले नाही. रविवारी त्याचा फोन यायचा तेव्हा ती त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलायची. लिंबाचं लोणचं, गल्लीतली लग्नं, त्याच्याकडचा बर्फ. एकदा मी तिथे असताना त्याने विचारलं, "या आठवड्यात कुठे गेली होतीस?" चंद्राक्का म्हणाली, "तूच सांग." त्याला ती थट्टा वाटली. तो हसला.

बुधवारी ती तिरुवैयारुला जातच राहिली. फोन न घेता जाते हे मला माहीत नव्हतं. तो ती भिंतीवर चार्जरला लावून, खिडकी उघडी ठेवून, बाहेरून कुलूप घालून निघत असे.

मे महिन्यातल्या एका बुधवारी संध्याकाळी तिच्या घरात दिवा दिसला नाही. पण त्या रात्री वीजच गेली होती, गल्लीत कुणाकडेच दिवा नव्हता. सकाळी तिच्या दारात रोजची कोलमची रांगोळी नव्हती. दुधाची पिशवी पायरीवर गरम होऊन पडली होती. दाराला कुलूप. मी तिथेच उभी राहून तिला फोन लावला. उघड्या खिडकीतून आवाज आला, "आई, भुवनामावशीचा फोन." थांबून पुन्हा, "आई, भुवनामावशीचा फोन."

मी तो बंद केला आणि श्रीहर्षला लावला. तिकडे अजून पहाट होती.

"मावशी, घाबरू नका. ती घरातच आहे," तो झोपेतच म्हणाला. मग अडखळला. "म्हणजे, मला दिसतंय. मी तुम्हाला सांगणारच होतो. काल पण दिवसभर घरात होती. बुधवार असून गेली नाही, म्हणून मला बरंच वाटलं."

"फोन घरात आहे, श्रीहर्ष. दाराला बाहेरून कुलूप आहे."

"पण मला ती घरात दिसतेय ना," तो म्हणाला.

"मी फोन लावला तर आतून तुझा आवाज येतो. भुवनामावशीचा फोन म्हणून सांगतोस."

"ते अजून चालू आहे?"

"तिने कधी बंदच केलं नाही."

 मग त्याने अगदी हळू विचारलं, "म्हणजे बाकीचं पण ती ऐकत होती?"

"हो," मी म्हटलं.

ती आम्हा गल्लीतल्यांना दुपारी सापडली. सरकारी इस्पितळात, नाव नसलेल्यांत. मेच्या उन्हात नद्यांना पाणी नसतं, सगळ्या वाळूच्या, सगळ्या सारख्या. ती कुडमुरुट्टीच्या पुलावर उतरली होती आणि कावेरी समजून काठाने चालत गेली होती. नारळाच्या बागेत काम करणाऱ्या बायकांना ती संध्याकाळी पडलेली दिसली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, गाडी बोलावली. मध्यरात्रीनंतर ती गेली.

"शुद्धीवर होत्या थोडा वेळ," नर्स मला म्हणाली. "बोलत होत्या. आम्हाला वाटलं तेलुगू असेल. तेलुगू येणाऱ्या एकीला बोलावलं, तिलाही कळेना. घरचा नंबर विचारला, तर नुसत्या बोलतच राहिल्या."

जिला तमिळ माझ्याइतकंच येत होतं, ती शेवटी आमच्या बोलीत बोलत होती. काय, ते कुणालाच समजलं नाही.

श्रीहर्ष दुसऱ्या दिवशी पोचला. त्याने सगळं रीतीप्रमाणे केलं, कुणाशी जास्त बोलला नाही. तेरावा झाल्यावर तो माझ्या दारात आला. "मावशी, तिरुवैयारुला येता? ती कुठे जायची ते मला बघायचंय."

आम्ही टाउन बसने गेलो. पूल आला की तो खिडकीतून बघायचा आणि मी नदीचं नाव सांगायची. कुडमुरुट्टीला मी नाव सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. पूल मागे पडल्यावर तो म्हणाला, "ती खूण आमच्या फोनात नसती तर आई आज असती."

"असेलही."

"माझ्या आईच्या फोनने तिला सांगितलं म्हणून ती फोन ठेवून जायला लागली. ऑफिसात मी हे सांगितलं. एकाने विचारलं, घरच्या माणसांपुरती ती सूचना बंद करायची सोय ठेवू या का?"

"मग?"

"नको म्हटलं." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. "मी काय करत होतो ते तिला कळायलाच हवं होतं, मावशी."

तिरुवैयारुला घाटाच्या वर कॉफीचं एक दुकान आहे. वैद्यनाथ नावाचे वयस्क गृहस्थ ते चालवतात. श्रीहर्षने फोनवरचा आईचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला.

"ह्या? ह्या आमच्या बुधवारच्या अम्मा. दोन-तीन बुधवार दिसल्या नाहीत. तुम्ही कोण?"

"मुलगा."

त्याच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून त्यांना कळलं. "अय्यो," ते म्हणाले आणि गल्ल्यामागून उठून बाहेर आले. त्यांनी श्रीहर्षच्या खांद्यावर हात ठेवला. "चला. इथून दहा पावलांवर आहे. त्या दर बुधवारी काय करायच्या ते तुम्हाला दाखवतो. तुम्ही बघायलाच हवं."

ते दोन पायऱ्या उतरले. मी त्यांच्या मागे निघाले. श्रीहर्ष जागचा हलला नाही.

"नको," तो म्हणाला.

वैद्यनाथ वळले. "अहो, वाईट काही नाही. चांगलंच आहे. ऐकलंत तर तुम्हाला बरं वाटेल."

"बरं वाटेल हे मला ठाऊक आहे, सर. मी ते ऐकायलाच आलो होतो."  "तिने मला सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगू नका."

म्हातारे गृहस्थ थोडे दुखावले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं असतं तर मी गेले असते, इतकी वर्षं मलाही ते जाणून घ्यायचं होतं. पण त्यांनी विचारलं नाही. ते परत दुकानात गेले आणि आम्हाला दोन कॉफ्या करून दिल्या. आम्ही नदीकडे पाठ करून प्यायलो.

परतीची बस भरलेली होती. मला पुढे बायकांत जागा मिळाली, तो शेवटपर्यंत मागे उभा राहिला. तंजावूरला उतरल्यावर त्याने मला रस्ता ओलांडायला हात दिला, आणि घर येईपर्यंत तो सोडला नाही.